चेहऱ्यावरचा उजेड

दरवर्षी फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षेच्या आधी, आपल्या वसतिगृहात समूहछायाचित्र काढले जात असे. तालुक्याहून छायाचित्रकार येत. भोजनगृहाच्या नव्याने चुना लावलेल्या भिंतीसमोर बाके मांडली जात. लहान मुले सतरंजीवर, शिक्षकवृंद खुर्च्यांवर आणि वरच्या वर्गांतील मुले बाकांवर उभी. हे सारे जमून येईपर्यंत दुपारचे बारा वाजत. पंधरवड्याने छायाचित्र हाती येई, तेव्हा भिंत दुधासारखी शुभ्र, गणवेश लख्ख आणि चेहरे मात्र काळवंडलेले असत. डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. आपणच मुळात काळे, त्याला फोटोवाला तरी काय करणार, अशी थट्टा आम्ही एकमेकांची करीत असू. त्या थट्टेत एक मोठा गैरसमज दडलेला होता आणि तो दूर व्हावयास मला पुढे बरीच वर्षे लागली. संपादक मंडळाने माणसांची छायाचित्रे काढण्याच्या कलेविषयी लिहावयास सांगितले, तेव्हा सर्वप्रथम ती भिंतच डोळ्यांसमोर उभी राहिली.

दोष आमच्या कातडीचा नव्हता, उजेडाचा आणि मोजमापाचा होता. माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून तळपतो. कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळतो, पण भुवयांची सावली डोळ्यांत पडते. ही झाली पहिली चूक. दुसरी कॅमेऱ्याच्या आतली. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरून येणारा उजेड मोजतो आणि समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असणार असे गृहीत धरतो. समोर मोठी पांढरी भिंत आली की त्याला वाटते, उजेड फार झाला. तो सगळेच दृश्य गडद करतो. भिंतीला त्याने काही बिघडत नाही, चेहरे मात्र बुडतात. उलट, एखादा सावळा चेहरा जवळून घेतला आणि चौकट त्यानेच भरून गेली, तर हाच मापक त्यालाही करडा करू पाहतो, आणि चेहरा राखुंडीसारखा फिकट उतरतो. म्हणून मोजमाप भिंतीचे करू नये, चेहऱ्याचे करावे, आणि मापकाचे म्हणणे तपासून पाहावे. आजच्या भ्रमणध्वनीवर पडद्यावरील चेहऱ्याला बोट लावून उजेडाची खूण वरखाली सरकवता येते. तेवढी एक सवय लागली तरी अर्धे काम होते.

यंत्र निःपक्षपाती असते असे आपण समजतो. परंतु रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना जे नमुनापत्र पाठवीत असे, त्यावर अनेक दशके गोऱ्या स्त्रीचेच चित्र होते. तिची कांती बरोबर उतरली, म्हणजे रंग बरोबर, असा हिशेब. काळ्या आणि गोऱ्या मुलांचे एकत्र छायाचित्र घेतले की काळ्या मुलांचे दात आणि डोळे तेवढे दिसत. गडद तपकिरी छटांकडे कंपनीचे लक्ष वळले ते चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांच्या जाहिराती नीट उतरेनात म्हणून, असे त्या कंपनीत काम केलेल्यांनीच पुढे सांगितले आहे. माणसांच्या तक्रारीआधी लाकडाच्या कपाटाची तक्रार ऐकली गेली, ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना हसत सांगतो. सांगून झाल्यावर हसू टिकत नाही.

शिक्षण संपल्यावर मी एका गावातील स्टुडिओत उमेदवारी केली. तेथे एक नियम होता. गिऱ्हाईक सावळे असले की छपाईपूर्वी संगणकावर चेहरा ‘दोन घर’ उजळ करायचा. विवाहेच्छू मुलींचा तर तीन घर. एके दिवशी निराधार योजनेच्या अर्जासाठी फोटो काढून गेलेली एक म्हातारी तासाभराने परत आली. फोटो माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “बाबा, ही कोण हाय?” मला वाटले, पाकिटांची अदलाबदल झाली. तसे नव्हते. फोटो तिचाच होता. मीच तिच्या गालांवरच्या सुरकुत्या आणि हनुवटीवरचे गोंदण उजेडाने पुसून टाकले होते. मालक म्हणाले, तिला काय कळते. मला वाटते, त्या दुकानात त्या दिवशी तिलाच कळत होते.

मग करावे काय? उजेड वाढवू नये. उजेडाचे क्षेत्र वाढवावे. या विद्येतील माझ्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. गोऱ्या त्वचेवर चेहऱ्याची घडण छटांच्या चढउताराने कळते. गडद त्वचा उजेड कमी परतविते, पण तिला स्वतःची एक तकाकी असते. गालाचे हाड, कपाळाची गोलाई, नाकाची धार ही सारी त्या तकाकीतून आकाराला येतात. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश समोरून मारला तर ती तकाकी ठिपक्याठिपक्यांनी चमकते आणि माणूस घामेजल्यासारखा दिसतो. तोच उजेड मोठ्या खिडकीतून किंवा उन्हाने उजळलेल्या समोरच्या भिंतीवरून परतून आला, तर तकाकी रुंद आणि मृदू होऊन चेहऱ्यावर पसरते. सावळ्या माणसाचे सुंदर छायाचित्र ज्यांनी काढले, त्यांनी त्याला गोरे केलेले नसते.

एक प्रयोग घरी करून पाहावा. ज्या खिडकीतून ऊन थेट आत येत नाही ती निवडावी. आपल्याकडे वर्षातील बहुतेक महिने उत्तरेकडची खिडकी अशी असते. मे ते जुलै या काळात सूर्य माथ्यावरून काहीसा उत्तरेला सरकतो, एवढे ध्यानात असू द्यावे. खोलीतील सर्व दिवे बंद करावेत, कारण बल्बचा पिवळा आणि आकाशाचा निळसर उजेड एकाच गालावर नांदत नाहीत. खिडकीचा खालचा निम्मा भाग जाड चादरीने झाकावा, म्हणजे उजेड वरून उतरेल. तीन-चार फुटांवर स्टूल ठेवून त्यावर घरातील कोणाला तरी बसवावे आणि फोटो न काढता नुसते पाहावे. चेहरा पूर्णपणे खिडकीकडे असेल तेव्हा तो सपाट दिसेल. तो हळूहळू बाजूला वळवू लागले की नाकाची सावली दूरच्या गालावर लांबत जाईल आणि एका क्षणी गालाच्या सावलीला जाऊन मिळेल. त्या वेळी दूरच्या डोळ्याखाली उजेडाचा एक लहान त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रां याच्या चित्रांत असा उजेड वारंवार दिसतो, म्हणून छायाचित्रकार या प्रकाशरचनेला त्याचेच नाव देतात. चेहरा आणखी वळवला की त्रिकोण विझतो आणि अर्धा चेहरा अंधारात जातो. हे चारदोन वेळा पाहिले की पुस्तकातील आकृत्यांची गरज उरत नाही.

सावलीची बाजू फारच काळी वाटली, तर तिकडून पांढरा थर्मोकोल, नाहीतर धुतलेले धोतर चौपदरी करून धरावे. त्यावरून परतलेला उजेड पुरतो. तो चेहऱ्याच्या जितका जवळ, तितका प्रभावी. डोळ्यांत खिडकीचा छोटा चौकोन चमकताना दिसला पाहिजे. तो नसेल तर डोळे निर्जीव वाटतात. पाठीमागे पांढरी भिंत टाळावी. मातीच्या रंगाची भिंत, उघड्या दारामागचा काळोख, गडद निळी चादर, काहीही चालेल, मात्र माणूस त्यापासून चार फूट तरी पुढे असावा. अनेकांचे एकत्र छायाचित्र घेताना गडद वर्णाची माणसे खिडकीजवळ आणि उजळ वर्णाची लांब बसवावीत. समूहछायाचित्र घ्यायचेच असेल तर दुपारी बाराऐवजी सकाळी आठला, इमारतीच्या सावलीत घ्यावे. या वर्षी तसे घेता आले तर मला बरे वाटेल.

आता बैठकीविषयी. कॅमेरा समोर आला की आपली माणसे ताठ होतात, हात मांडीला चिकटवतात आणि श्वास रोखतात. त्यांना “हसा” म्हणू नये. त्याने दात दिसतात, माणूस दिसत नाही. खांदे कॅमेऱ्यापासून जरा तिरके ठेवावेत आणि मान तेवढी कॅमेऱ्याकडे वळवावी. हनुवटी किंचित पुढे आणि मग किंचित खाली. पुढे न आणता नुसती खाली केली तर गळ्याशी वळ्या पडतात. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर थोड्या वर उचलाव्यात. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा. मुलांसाठी आपण खाली बसावे. फार जवळ जाऊ नये, नाक मोठे दिसते. पाच-सहा फुटांवरून घ्यावे. हातांना काहीतरी काम द्यावे, पण ते त्यांचे असावे. आयुष्यभर ऊस तोडलेल्या माणसाच्या हातात गुलाबाचे फूल देऊ नये.

बैठक ठरविणे ही वरवर किरकोळ बाब वाटते. तिच्यात सत्ता असते. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केला. त्यात आपल्या देशातील माणसांची शेकडो छायाचित्रे आहेत. बहुतेकांखाली नाव नाही. जात आहे, जमात आहे, टोळी आहे. माणूस तेथे स्वतःसाठी बसलेला नाही, नमुना म्हणून बसवलेला आहे. त्याच काळात अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून निसटलेले वक्ते आणि संपादक पुनःपुन्हा स्टुडिओत जाऊन स्वतःचे छायाचित्र काढवून घेत होते. त्यांची सुमारे १६० छायाचित्रे अभ्यासकांना मिळाली आहेत. एकोणिसाव्या शतकात ज्यांची सर्वाधिक छायाचित्रे निघाली त्या अमेरिकनांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. कोट स्वच्छ, केस नीट, नजर रोखलेली, ओठांवर हसू जवळजवळ नाहीच. गुलामांना हसरे आणि मूर्ख रंगविणारी व्यंगचित्रे तेव्हा सर्वत्र होती, आणि तो चेहरा त्यांना नको होता. छायाचित्रणावर त्यांनी व्याख्यानेही दिली. म्हणून समोर बसलेल्या माणसाला मी आधी विचारतो, “तुम्हांला कसे दिसायचे आहे?” उत्तर यायला वेळ लागतो. कोणीच पूर्वी विचारलेले नसते.

माझ्या वडिलांचे एकच छायाचित्र आहे, मतदार ओळखपत्रावरचे. ते गेल्यावर ते मोठे करून घेतले, तेव्हा स्टुडिओने शर्टाच्या जागी कोट आणि टाय चिकटवून दिला, कारण मूळ चित्रात खांदेच नव्हते. भिंतीवरचा तो कोट त्यांनी आयुष्यात कधी घातला नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा कोट टांगलेला असेल.

गेल्या उन्हाळ्यात आईला मात्र मी खिडकीपाशी बसविले. तिने प्रथम पावडर मागितली. मी नको म्हणालो, रुमालाने कपाळ तेवढे टिपून घेतले. हातांना काम म्हणून ती लसूण सोलत बसली आणि पाच-सात मिनिटांनी मला विसरली. आठ बाय दहा इंचांची प्रत छापून आणली, ती तिने खिडकीशी नेऊन बराच वेळ न्याहाळली. मागे मऊ पेन्सिलीने मी तिचे नाव, आमचे गाव आणि तारीख लिहीत होतो. ती म्हणाली, “माहेरचं गावही लिही.” तेही लिहिले.