चौरस फुटाचा अर्थ : मुंबई उपनगरांतील घरांच्या किमतींच्या तुलनेसंबंधी काही विचार

दोन वस्तूंच्या किमतींची तुलना करावयाची, तर त्या एकाच मापाने मोजलेल्या असल्या पाहिजेत, हे तत्त्व इतके उघड आहे की त्याचा उच्चार करण्याचीही गरज भासू नये. परंतु मुंबईच्या उपनगरांत एखाद्या नव्या नियोजित वसाहतीत घर घेऊ इच्छिणारा गृहस्थ अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील दोन-तीन बांधकाम व्यावसायिकांचे दर समोर मांडून बसतो, तेव्हा नेमक्या याच तत्त्वाची हानी झालेली असते. माप एकच दिसते : चौरस फूट. त्या मापाने काय मोजले आहे, हे मात्र प्रत्येक दरपत्रकात निराळे असते. म्हणजे प्रश्न गणिताचा नसून शब्दार्थाचा आहे. ज्या व्यवहारात सामान्य कुटुंबाची आयुष्यभराची बचत आणि पुढील पंधरा-वीस वर्षांचे कर्ज गुंतलेले असते, त्या व्यवहाराचा हिशेब एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून असावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने उपेक्षावी अशी नाही. प्रस्तुत लेखात या शब्दव्यवहाराचे थोडे विवेचन करावयाचे आहे.

प्रथम जुन्या मोजमापाकडे पाहू. ‘दोन खणांची जागा’, ‘पाच खणी घर’ असे प्रयोग मराठीत रूढ आहेत. दोन तुळयांमधील वा खांबांमधील अंतर म्हणजे खण. हे माप सूक्ष्म नव्हे. परंतु ते डोळ्यांना दिसते, आणि घेणाऱ्याला व देणाऱ्याला सारखेच मोजता येते. चाळीतील ‘खोली’ हे मापही याच जातीचे. सदनिकांची वसाहत आली आणि किंमत क्षेत्रफळावर ठरू लागली, तेव्हा माप सूक्ष्म झाले, पण दृश्य राहिले नाही. भारतात १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापांचा अवलंब टप्प्याटप्प्याने सुरू झाला. कायदा व नकाशे चौरस मीटरात बोलू लागले, बाजार मात्र चौरस फुटातच राहिला. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६४ चौरस फूट. तेव्हा हा भेद गुणाकाराने मिटतो. खरा भेद गुणाकाराने न मिटणारा आहे.

बाजारात क्षेत्रफळाचे तीन प्रकार बोलले जातात. ‘कार्पेट’ म्हणजे चटई क्षेत्र : भिंतींच्या आत चटई अंथरता येईल तेवढी जागा. ‘बिल्टअप’ म्हणजे बांधीव क्षेत्र : त्यात भिंतींची जाडीही मिळविलेली. ‘सुपर बिल्टअप’ या तिसऱ्या प्रकारात जिना, उद्वाहक, प्रवेशदालन, क्वचित क्रीडागृहदेखील प्रत्येक सदनिकेच्या वाट्यास लावलेले असते. यांपैकी तिसऱ्या शब्दाला १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा अधिनियम किंवा २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम यांपैकी कोणीही व्याख्येचा आधार दिलेला नाही. त्यात काय मिळवावे व किती मिळवावे, हे बोलणाऱ्याच्या इच्छेवर राहते. शास्त्रात ज्याला संकेत म्हणतात तो समाजमान्य असावा लागतो. येथे संकेत करणारा एकटा विक्रेता आहे.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ‘क’ हा व्यावसायिक १००० चौरस फुटांची सदनिका ३०,००० रुपये दराने देऊ करतो. हे क्षेत्र सुपर बिल्टअप आहे. ‘ख’ हा ७०० चौरस फुटांची सदनिका ४२,००० रुपये दराने देतो. हे चटई क्षेत्र आहे. दर पाहणाऱ्यास ‘क’ स्वस्त वाटेल. पण ‘क’च्या घराचे चटई क्षेत्र ६५० चौरस फूट असेल, तर एकूण तीन कोटी रुपयांस ६५० ने भागून दर येतो सुमारे ४६,१५४ रुपये. ‘ख’चे घर दोन कोटी चौऱ्याण्णव लक्षांत पडते, आणि ते मोठेही आहे. आता ‘क’च्या ६५० फुटांत ५० फुटांचा सज्जा गणला आहे असे समजू. तो वगळला की दर ५०,००० होतो. घर तेच, रक्कम तीच. दर मात्र ३०,०००, ४६,१५४ आणि ५०,००० असे तीन. तिन्ही खरे आहेत. त्यांची परस्परांशी तुलना तेवढी खोटी आहे.

सज्जाचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल, परंतु तो कायद्यातच उभा राहिलेला आहे. १९६३ च्या अधिनियमात पुढे समाविष्ट झालेल्या तरतुदीनुसार सदनिका चटई क्षेत्राच्याच आधारे विकावयाची असून त्या क्षेत्रात सज्जाचा अंतर्भाव होतो. उलट २०१६ च्या केंद्रीय अधिनियमातील व्याख्येप्रमाणे बाहेरच्या भिंती, सेवानलिकांची जागा, सदनिकेचा स्वतंत्र सज्जा वा ओटी आणि खुली गच्ची ही सर्व वगळावयाची, आणि आतील विभाजक भिंतींची जाडी मात्र धरावयाची. म्हणजे ‘चटई क्षेत्र’ हा एकच शब्द दोन अधिनियमांत दोन निरनिराळ्या आकृती रेखाटतो. एखाद्या वसाहतीतील जुन्या इमारतीतल्या घराची किंमत त्याच वसाहतीतील नव्या इमारतीशी ताडून पाहताना हा अर्थभेद ध्यानी घेतला नाही, तर निष्कर्ष चुकणारच. शिवाय ज्या चटईवरून हा शब्द आला, ती चटई भिंतीवर अंथरता येत नाही. परंतु नव्या व्याख्येत आतील भिंती चटई क्षेत्रात येतात. व्युत्पत्तीवरून अर्थ काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे. यौगिक वाटणारा शब्द येथे पारिभाषिक झाला आहे आणि व्याख्या हाच त्याचा अर्थ आहे.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजीत नाही. भूखंडाच्या क्षेत्राशी सर्व मजल्यांवरील बांधकामाचे जे प्रमाण अनुज्ञेय असते, ज्याला बाजारात ‘एफ. एस. आय.’ म्हणतात, त्याला शासकीय मराठीत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ असे नाव आहे. हजार चौरस मीटरांच्या भूखंडावर एक निर्देशांक असेल, तर हजार चौरस मीटरांचे बांधकाम करता येते. त्यात भिंती धरलेल्या असतात. मूळ इंग्रजी संज्ञांमध्ये ‘फ्लोअर’ आणि ‘कार्पेट’ असे दोन भिन्न शब्द आहेत. मराठीत दोघांनाही ‘चटई’ मिळाली. परिणामी ‘चटई क्षेत्र’ या पदाचा एका ठिकाणी भिंतींसह आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेरच्या भिंती वगळून अर्थ करावा लागतो. ‘तळक्षेत्र’ किंवा ‘मजलाक्षेत्र’ यांसारखा वेगळा शब्द योजिला असता, तर हा संदेह टळला असता. परिभाषा घडविणाऱ्यांनी एका संज्ञेचा विचार करताना तिच्या शेजारच्या संज्ञेचाही विचार करावयास हवा, एवढा बोध यातून निघतो.

या निर्देशांकाचा घरांच्या नकाशांवर झालेला परिणामही उद्बोधक आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत सज्जासारखे काही भाग विशिष्ट मर्यादेपर्यंत निर्देशांकाच्या गणनेतून मुक्त होते. मग नकाशांत ‘फ्लॉवर बेड’, ‘निच’, ‘व्हॉइड’ अशा नावांच्या जागा वाढू लागल्या. नकाशात जी फुलांची वाफ होती, ती विक्रीच्या वेळी खोलीचा भाग म्हणून मोजली जाई. एकच जागा महानगरपालिकेपुढे एका नावाने आणि ग्राहकापुढे दुसऱ्या नावाने उभी राही. जानेवारी २०१२ मध्ये नियमावलीत बदल करून अशा जागा गणनेत आणण्यात आल्या, आणि त्यांच्या भरपाईदाखल निवासी इमारतींना अधिमूल्य घेऊन ३५ टक्क्यांपर्यंत जादा निर्देशांक देण्याची व्यवस्था झाली. त्यापूर्वीच्या व त्यानंतरच्या इमारतींतील दर ताडून पाहताना हा टप्पा स्मरणात ठेवणे अगत्याचे आहे.

अर्थनिर्णयाची दोन प्रकरणे याच उपनगरांतून न्यायालयांपुढे गेली, त्यांचा उल्लेख येथे प्राप्त होतो. पहिले दहिसरचे. इमारतीखालील खांबांमधील वाहनतळ प्रवर्तकाला स्वतंत्रपणे विकता येईल काय, असा वाद होता. १९६३ च्या अधिनियमात ‘सदनिका’ या संज्ञेत ‘गॅरेज’चा समावेश असल्यामुळे सारा वाद ‘गॅरेज’ म्हणजे काय, या एका प्रश्नावर आला. ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, खांबांमधील वाहनतळ म्हणजे गॅरेज नव्हे. तो सामाईक जागेचा भाग आहे आणि तो विकता येणार नाही. पुढे २०१६ च्या अधिनियमाने ‘गॅरेज’ची व्याख्या छप्पर व तीन बाजूंस भिंती असलेली जागा अशी करून ठेवली. किमतीच्या तुलनेत वाहनतळाचा आकडा वेगळा दाखविला असेल, तर तो कोणत्या प्रकारच्या जागेचा आहे, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला या शब्दचर्चेमुळे मिळाला.

दुसरे प्रकरण पवईचे. अंधेरीच्या पूर्वेस तलावाकाठी हिरानंदानी गार्डन्स या नावाने जी नियोजित वसाहत उभी आहे, तिच्या मुळाशी १९८६ चा त्रिपक्षीय करार आहे. तो राज्य शासन, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि विकासक यांच्यामध्ये झाला. सदनिका ४० आणि ८० चौरस मीटरांच्या, म्हणजे सुमारे ४३० व ८६१ चौरस फुटांच्या, असाव्यात आणि त्यांतील १५ टक्के शासनाला ठरीव दराने मिळाव्यात, अशी योजना होती. येथे ‘परवडणारे घर’ ही कल्पना विशेषणाने न सांगता आकड्याने सांगितली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. परंतु ‘एक सदनिका’ म्हणजे किती, हा प्रश्न शिल्लक राहिला. लगतच्या सदनिका एकत्र करून मोठी घरे झाल्याची तक्रार जनहित याचिकांद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे आली, आणि न्यायालयाने २०१२ मध्ये उरलेल्या जमिनीवर प्रथम करारातील आकाराची घरे बांधण्याचा आदेश दिला. मोजमापाची संख्या निश्चित असली तरी मोजावयाच्या वस्तूची सीमा निश्चित नसेल, तर ती संख्या निरुपयोगी ठरते. भाषाविज्ञानात शब्दाची वा वाक्याची सीमा ठरविताना जो पेच पडतो, त्याच्याशी याचे साम्य स्पष्ट आहे.

आता बांधणाऱ्यांच्या तुलनेकडे वळू. बोलीत ज्याला ‘बिल्डर’ म्हणतात, त्या एका शब्दाखाली जमिनीचा मालक, विकासक आणि प्रत्यक्ष काम करणारा कंत्राटदार अशा तीन भूमिका लपतात. कायद्याचा शब्द ‘प्रवर्तक’ असा आहे आणि जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून फलकावरील नावापेक्षा नोंदणीतील प्रवर्तकाचे नाव पाहणे श्रेयस्कर. १ मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या नोंदींत प्रकल्पाची पूर्णतेची तारीख, मंजूर नकाशे व प्रलंबित दावे पाहावयास मिळतात. नोंदणीच्या वेळी मागील पाच वर्षांतील प्रकल्पांची व त्यांतील विलंबाची माहिती देणेही प्रवर्तकावर बंधनकारक आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे, नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम न घेणे आणि ताब्यानंतर पाच वर्षांत आढळलेले संरचनेतील दोष स्वखर्चाने दूर करणे, ही बंधने सर्व नोंदणीकृत प्रवर्तकांवर सारखीच आहेत. तेव्हा एखादा प्रवर्तक यांतील एखादी गोष्ट आपली विशेष सवलत म्हणून सांगत असेल, तर ती तुलनेत त्याच्या बाजूने धरू नये.

संक्षेपांविषयीही सावध असावे. मुंबईत ‘सी. सी.’ म्हणजे बहुधा बांधकामाचे प्रारंभ प्रमाणपत्र. परंतु हीच अक्षरे पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही वापरली जातात. एकाच संक्षेपाने आरंभ व अंत दोन्ही सूचित व्हावेत, असे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. राहावयास जाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते ‘भोगवटा प्रमाणपत्र’. ‘ताबा’ आणि ‘भोगवटा’ हे शब्द बोलण्यात समानार्थी भासले तरी व्यवहारात तसे नाहीत : सजावटीसाठी म्हणून किल्ली हाती दिली जाते, आणि भोगवटा प्रमाणपत्र पुढे कधीतरी येते. या भेदाला किमतीचेही अंग आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या दरांनुसार बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के, आणि महानगरांत ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र व ४५ लक्ष रुपयांपर्यंत किंमत असलेल्या घरावर १ टक्का वस्तू व सेवा कर लागतो. पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रानंतर विकलेल्या घरावर तो लागत नाही.

या विवेचनावरून तुलनेचा क्रम असा ठरतो. प्रत्येक घराचे चटई क्षेत्र २०१६ च्या व्याख्येप्रमाणे चौरस मीटरांत लिहावे, आणि सज्जा व गच्ची वेगळ्या रकान्यात मांडावी. वाहनतळ, सामाईक सोयींचा आकार, मुद्रांक शुल्क व कर धरून द्यावयाची संपूर्ण रक्कम काढावी, आणि तिला त्या क्षेत्राने भागावे. त्यानंतरच प्रवर्तकाची पूर्वीची कामे, पूर्णतेची तारीख व भोगवटा यांचा विचार करावा. या क्रमात नवे काही नाही. फक्त दर आधी न पाहता व्याख्या आधी पाहावयाची, एवढाच त्याचा विशेष आहे.

अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये आणि बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यानंतरच्या काळात येथे जी घरे उभी राहिली, त्यांची खरेदीपत्रे, जाहिराती आणि नकाशे ही मराठीच्या व्यावहारिक परिभाषेच्या अभ्यासाची मोठी सामग्री आहे. ‘मानीव अभिहस्तांतरण’सारखा शब्द हजारो गृहनिर्माण संस्थांच्या सभांत उच्चारला जातो, तो किती सभासदांना समजतो, हे कोणी तपासून पाहिलेले आमच्या वाचनात नाही. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतल्यास शास्त्राला नवी सामग्री मिळेल, आणि करारावर सही करण्यापूर्वी तो समजून घेऊ पाहणाऱ्या माणसालाही त्याचा उपयोग होईल.