मुलांचा आरोग्यविमा व दातांची निगा : पालकांना द्यावयाचे मार्गदर्शन

दाढ ठणकत असलेल्या मुलाचे लक्ष फळ्याकडे लागत नाही, आणि रुग्णालयाच्या खर्चाने कर्जात बुडालेल्या कुटुंबातील मूल पुष्कळदा शाळेतूनच नाहीसे होते. म्हणून बालकाच्या औषधोपचाराची आर्थिक तरतूद हा केवळ घरचा प्रश्न राहत नाही; तो हजेरीपटाचाही प्रश्न होतो. अलीकडे खेडोपाडी विम्याचे प्रतिनिधी येऊ लागले आहेत. मुलांसाठी जादा आरोग्यविमा घ्यावा किंवा कसे, दातांचा खर्च त्यातून मिळतो काय, असे प्रश्न पालक शिक्षकांना विचारतात. त्यांना योग्य सल्ला देता यावा, एवढ्याच हेतूने पुढील विवेचन केले आहे.

१. आधी काय मिळते ते पाहावे

जादा विमा म्हणजे पुरवणी. मूळ तरतूद कोणती हे कळल्यावाचून पुरवणी निवडता येत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील बालकासाठी मुख्यतः चार तरतुदी आहेत.

पहिली, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. हा फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते : अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत वर्षातून एकदा. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी पथक पाहते. हृदयातील छिद्र, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल यांसारख्या दोषांवर पुढील उपचार विनामूल्य होतात. दातांची कीडही तपासणीच्या यादीत आहे.

दुसरी, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली व २०१७ साली तिला सध्याचे नाव मिळाले. आता ती आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून दर कुटुंबास दरसाल ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ही मर्यादा सर्व कुटुंबाची मिळून आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. दाखल होताना प्रथम त्याची भेट घ्यावी. चौकशीचा दूरध्वनी क्रमांक १५५३८८ हा आहे.

तिसरी, इयत्ता १ ली ते १२ वीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली राजीव गांधी विद्यार्थी सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. हा विमा नव्हे. शासनाचे अनुदान होय. २०२२ साली त्यातील रकमा वाढविण्यात आल्या व विद्यार्थ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल पालकांना दीड लाख रुपये देण्याचे ठरले. कायमच्या अपंगत्वासाठीही साहाय्य आहे. येथे हप्ता भरावा लागत नाही. कागदपत्रे मात्र वेळेवर जमवावी लागतात, आणि ते काम बहुधा मुख्याध्यापकांच्या साहाय्यावाचून होत नाही.

चौथी, कामगार राज्य विमा योजना. औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या व दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या विमाधारक कामगाराच्या मुलांना तिचा लाभ मिळतो. पगारपत्रकात ही कपात दिसत असूनही कित्येक पालकांना मुलांची नावे नोंदवावयाची असतात हे ठाऊक नसते.

२. नावातील फरक

हक्क असूनही लाभ हुकतो, याचे एक नित्याचे कारण कागदपत्रांत आहे. शिधापत्रिकेत धाकट्या मुलाचे नाव चढविलेले नसते. आधारपत्रावर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरे व शाळेच्या नोंदवहीत तिसरे असते. मूल आजारी पडल्यावर ही दुरुस्ती करण्यास अवधी नसतो. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी शिक्षकांनी ही सारी कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत व फरक आढळल्यास पालकांना तेव्हाच सांगावे. जादा विमा विकत घेण्यापेक्षा शिधापत्रिकेत नाव चढविणे पुष्कळ कुटुंबांना अधिक मोलाचे ठरेल.

३. जादा विमा कोणी घ्यावा

वरील तरतुदींत दोन उणिवा राहतात. जवळचे किंवा पसंतीचे रुग्णालय योजनेत नसेल, तर खर्च स्वतः करावा लागतो. तसेच योजनेच्या यादीबाहेरील उपचारांना ती लागू पडत नाही. ज्या कुटुंबास नियमित उत्पन्न आहे व दरसाल हप्ता भरणे ज्यास अवघड नाही, त्याने जादा विम्याचा विचार अवश्य करावा. मात्र एका मुलासाठी वेगळा विमा घेण्याऐवजी आईवडील व मुले यांचा एकत्रित विमा बहुधा सोईचा पडतो. मिळवत्या माणसाचा विमा नसेल, तर मुलाच्या विम्याने घर तरत नाही.

ज्या घरी हप्त्यासाठी उसनवार करावी लागेल, त्या घराने शासकीय योजनेचीच कागदपत्रे पक्की करावीत. दुसऱ्या वर्षी हप्ता चुकला की संरक्षण संपते, आणि पहिला हप्ता परत मिळत नाही.

४. पॉलिसी वाचताना विचारावयाचे प्रश्न

(अ) प्रतीक्षाकाल किती? अपघात वगळता पहिले ३० दिवस सामान्यतः खर्च मिळत नाही. टॉन्सिल, हर्निया यांसारख्या ठराविक शस्त्रक्रियांसाठी पुष्कळदा दोन वर्षे थांबावे लागते. विमा घेण्यापूर्वीच असलेल्या आजारासाठी ही मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. २०२४ च्या नियमांनुसार त्याहून अधिक ठेवता येत नाही.

(आ) आजार लपविला आहे काय? मुलास दमा, फिट किंवा हृदयविकार असल्यास अर्जात तसे स्पष्ट लिहावे. प्रतिनिधी ‘नाही’ लिहा म्हणाला, तरी सही पालकाची असते व मागणी नाकारली गेल्यास नुकसानही पालकाचेच होते.

(इ) खर्चाचा वाटा किती? समजा, रुग्णालयाचे देयक ६०,००० रुपये झाले व पॉलिसीत २० टक्के वाटा विमेदाराचा आहे. अशा वेळी १२,००० रुपये घरातून द्यावे लागतील. कमी हप्त्याच्या पॉलिसीत ही अट पुष्कळदा असते.

(ई) खोलीभाड्याची मर्यादा किती? मर्यादा दररोज २,००० रुपयांची असून ४,००० रुपयांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातील फरकच नव्हे, तर डॉक्टरांच्या शुल्कासारखे इतर खर्चही त्याच प्रमाणात निम्मे होऊ शकतात.

(उ) रोख न भरता उपचार मिळणारी रुग्णालये कोणती? अकोले किंवा जामखेड तालुक्यातील पालकास पुण्याच्या रुग्णालयांची लांबलचक यादी फारशी उपयोगी नाही. आपल्या वाटेवरचे रुग्णालय यादीत आहे काय, हे पाहावे.

पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांच्या आत ती नापसंत असल्यास परत करता येते. पुढे कंपनीने मागणी अन्यायाने नाकारली, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिचे उत्तर महिन्याभरात न आल्यास किंवा समाधानकारक नसल्यास पुणे येथील विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

५. दातांचा खर्च विम्यात का बसत नाही

आरोग्यविमा हा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी असतो. किडलेला दात भरणे, दात काढणे, मुळाचा उपचार करणे ही कामे दवाखान्यात तासाभरात होतात. म्हणून सर्वसाधारण पॉलिसीत अपघाताने झालेली इजा सोडल्यास दातांचा खर्च बसत नाही. काही कंपन्या बाह्यरुग्ण उपचारांची पुरवणी जादा हप्त्याने देतात. तिचा हिशेब साधा आहे. समजा, पुरवणीसाठी दरसाल २,००० रुपये जादा पडतात; तर तीन वर्षांत ६,००० रुपये गेले. तेवढ्या काळात मुलाच्या दातांवर किती खर्च होईल, हे जवळच्या दंतवैद्यास विचारून मगच ठरवावे. प्रवरानगरजवळील लोणी व संगमनेर येथे दंत महाविद्यालये आहेत. तेथील उपचारांचे दरही विचारून घ्यावेत.

दातांच्या बाबतीत खरा विमा निगा हाच होय. गोड व चिकट अन्नाचे कण दातांवर राहिले की तेथील जंतू त्यांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच झिजते. साखर असो वा गूळ, परिणाम तोच. फ्लोराइडयुक्त पेस्टने सकाळी व रात्री झोपताना दात घासणे हा त्यावरील साधा उपाय आहे. लहान मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मिश्री ही तंबाखूच असल्याने ती मुलांच्या हाती कदापि देऊ नये.

पहिलीच्या शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणताही दात न पडता येत असल्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात व किडली तरी पडेल म्हणून सोडून देतात. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

६. शिक्षकांनी करावयाचे काम

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांची आरोग्य तपासणी पथकाची फेरी त्या काळात आल्यास हुकते, आणि पुढची फेरी वर्षाने येते. म्हणून स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी शाळा सुरू होताच तयार करावी व त्यांची तपासणी आधी करून घेण्याविषयी पथकास कळवावे. कुटुंब निघताना शिधापत्रिका, आधारपत्र व तपासणीची चिठ्ठी बरोबर नेण्यास सांगावे; राज्यातील कोणत्याही जिल्ह्यात योजनेतील रुग्णालयात त्यांचा उपयोग होतो.

पथकाने पुढील उपचारासाठी नाव सुचविलेले मूल खरोखर रुग्णालयात पोहोचले काय, याची नोंद वर्गशिक्षकांनी ठेवावी. तपासणी होऊनही उपचार न झाल्यास त्या तपासणीचा मुलास काही उपयोग नाही.

शेवटी एक मर्यादा. शिक्षकांनी कोणत्याही विमा कंपनीची शिफारस करू नये, हप्त्याची रक्कम स्वतःकडे घेऊ नये व शाळेच्या आवारात विक्रीस वाव देऊ नये. पालकास अटी वाचून दाखवाव्यात, हिशेब समजावून द्यावा आणि निर्णय त्याच्यावर सोपवावा. गावात शिक्षकांच्या शब्दाला मान आहे. तो शब्द विक्रीच्या कामी लागला की उद्या मुलाला दवाखान्यात न्या असे सांगूनही कोणी ऐकणार नाही.