पत्त्यांची जादू आणि ६१७४

उन्हाळ्याच्या सुट्टीत जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये दुपारी पत्ते निघायचे. तेव्हाची एक जादू मला आज संशोधन समजावून सांगायला कामी येते.

एक्क्यापासून नव्वीपर्यंतचे पत्ते घ्या. एक्का म्हणजे १. समोरच्याला कोणतेही चार काढू द्या. चारही सारखे नकोत, एवढीच अट. त्या अंकांच्या सगळ्यात मोठ्या संख्येतून सगळ्यात लहान वजा करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावा. पुन्हा तेच करा. समजा ५, ४, ३, २ आले:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतंच. आकडा आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवा, झाली जादू! ही गंमत शोधली देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. त्यांचं पदव्युत्तर शिक्षण झालेलं नव्हतं.

पण वीस वेळा आलं म्हणजे नेहमी येतं का? मी कित्येक दिवस नुसती उदाहरणंच करत बसलो होतो. मग अंकांना उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड म्हटलं. वजाबाकी निघाली ९९९(अ−ड) + ९०(ब−क). म्हणजे दोन फरक पुरेत! पहिला १ ते ९, दुसरा त्याहून मोठा नाही. ९९९० संख्यांऐवजी फक्त ५४ जोड्या तपासायच्या.

उदाहरणं गोळा करणं ही सुरुवात. उत्तर नेमकं कशावर अवलंबून आहे ते सापडलं, की संशोधन सुरू झालं समजा.

आता तीन पत्ते घेऊन बघा. काय येतं, आणि का?