पॉवर टिलर पहिल्यांदा चालवताय? उतारावर तो उलटा का वळतो, ते आधी समजून घ्या

स्टीअरिंग नसलेलं गवत कापायचं यंत्र तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. माणूस दोन दांडे धरून बसतो आणि यंत्र जागच्या जागी भिंगरीसारखं फिरतं. त्याला झिरो-टर्न मॉवर म्हणतात. त्याच्या मागच्या प्रत्येक चाकाला वेगळा दांडा आणि वेगळी ताकद असते. एक चाक पुढे, दुसरं मागे, की यंत्र जागेवर गर्रकन वळतं.

आपल्याकडे एवढी हिरवळ कुठली! पण भूम तालुक्यातल्या ईटसारख्या गावात पॉवर टिलर हातात येऊ शकतो, आणि त्याचं वळणंही याच्याच जवळचं आहे.

वळतो कसा?

बैलजोडी वळवताना आतला बैल जागेवर थांबतो आणि बाहेरचा फिरून येतो. टिलरचंही तसंच. दोन्ही मुठींखाली एकेक लिव्हर असतो, त्याला स्टीअरिंग क्लच म्हणतात. डावा दाबला की डाव्या चाकाला इंजिनची ताकद मिळणं बंद होतं. उजवं चाक ढकलत राहतं, म्हणून टिलर डावीकडे वळतो. सपाट रानात हे दहा मिनिटांत जमतं.

मग घोळ कुठे होतो?

उतारावर. बालाघाटाच्या पट्ट्यात चढ-उताराची रानं आहेत, म्हणून हा भाग नीट वाचा.

खाली उतरताना यंत्राला वजनच पुढे ओढत असतं. अशा वेळी गिअरमध्ये असलेलं इंजिन चाकांना धरून ठेवतं, म्हणजे ब्रेकचं काम करतं. आता तुम्ही डावा क्लच दाबला, तर डावं चाक मोकळं सुटून जोरात पळतं. उजवं मात्र इंजिनने धरलेलंच असतं. परिणाम? टिलर उजवीकडे वळतो! माणूस घाबरून तोच क्लच आणखी घट्ट दाबतो आणि यंत्र बांधावरून खाली जातं.

म्हणून उतारावर:

- आधीच पहिला गिअर टाका, थ्रॉटल कमी ठेवा.
- स्टीअरिंग क्लचला हात लावू नका. मुठी बाजूला ढकलून हळूहळू दिशा बदला.
- मेन क्लच सोडवू नका, न्यूट्रल करू नका. इंजिनचा ब्रेकच निघून जातो.

पहिल्या दिवशी काय कराल?

1. पीक काढलेलं, सपाट, मोकळं रान निवडा. जाणकार माणूस जवळ असू द्या, पण यंत्राच्या समोर नको.
2. रोटरी बंद ठेवून फक्त चालवा. सरळ जाणं, थांबणं, दोन्हीकडे वळणं, याच क्रमाने.
3. मेन क्लच सोडवून यंत्र थांबवण्याची सवय हाताला लागली, की मगच रोटरी जोडा.
4. रिव्हर्स घेताना रोटरी बंदच हवी. मुठी अचानक वर उचलल्या जातात, आणि मागे भिंत किंवा झाड असेल तर माणूस मधे सापडतो.
5. पात्यांत गवत अडकलं तर आधी इंजिन बंद, मग हात.
6. उपरणं, ओढणी, सैल बाह्या नकोत. पायात बूट हवेत.

आणि मोबाईल? तो बांधावर ठेवा. एका हाताने व्हिडिओ काढायचा म्हटलं, तर एक क्लच बिनहाताचा राहतो. शूटिंग मित्राला करू द्या, तेही लांबून.

घरात कोणी नवीन टिलर आणला असेल, तर त्याला उताराची ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा. चालवता चालवता शिकण्यासारखी ती नाही.