नावाड्याचा नकार

उजनीच्या पाण्यावर पहाटे जाळी उचलून चिलापी किनाऱ्यावर आणणारा मच्छीमार आणि सकाळी सहलीच्या पाहुण्यांना होडीतून रोहित पक्षी दाखवणारा वाटाड्या हा पुष्कळदा एकच माणूस असतो. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात १९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं आणि त्याच्या मागे यशवंतसागर पसरला. त्याचा फुगवटा सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या गावांना भिडतो. इंदापूरच्या बाजूला कुंभारगाव, डिकसळ, करमाळ्याच्या बाजूला केत्तूर, कुगाव अशा गावांनी आधी या पाण्यात शेती गमावली, मग मासेमारी स्वीकारली, आणि गेल्या काही दशकांत पक्षी बघायला येणाऱ्यांची ने-आण हा तिसरा धंदा त्यांच्या हाती आला. या धंद्यात नावाड्याचं कसब आपण चुकीच्या मापाने मोजतो, असं मला वाटतं. किती जवळ नेलं, किती थवे दाखवले, यावरून त्याची कीर्ती ठरते. खरं तर कुठे थांबायचं आणि कधी निघायचंच नाही हे त्याला किती नेमकं कळतं, आणि ते बोलून दाखवण्याची मोकळीक त्याला आहे का, हे बघायला हवं.

हे माप आजचं नाही. ते शिकारीच्या दिवसांपासून चालत आलं आहे. भरतपूरच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, आणि तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवला आहे. शिकाऱ्याला बदकांपर्यंत नेणारा स्थानिक माणूस तेव्हा त्या दिवसाच्या आकड्यावरून जोखला जाई. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला, १९७२ मध्ये देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. आज उजनीवर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक किंवा हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब यांच्यावर बंदूक रोखणं हा सरळ गुन्हा आहे. बंदुकीच्या जागी लांब भिंगाचा कॅमेरा आला, ही मोठी प्रगती आहे आणि तिचं मोल मी कमी लेखत नाही. मात्र ‘अजून थोडं जवळ घ्या’ हा आग्रह जसाच्या तसा राहिला. चिखलात चरणारा रोहितांचा थवा उडावा, पंखांखालचा लाल रंग फोटोत यावा, म्हणून होडी थेट थव्यावर घालायला सांगणारे पाहुणे असतात. त्यात पक्ष्याचं चरणं तुटतं, आणि होडीतल्या माणसांचा जीवही धोक्यात येतो. तो कसा, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

सपाट बुडाची छोटी होडी शांत पाण्यात फार स्थिर वाटते. माणसं फळीवर बसून असतात तोवर त्यांचं वजन खाली राहतं आणि होडी सावरते. उजवीकडे पक्षी दिसला की चौघे उभे राहतात, दोघे उजव्या काठाशी सरकतात. वजन एकदम वर आणि एका बाजूला जातं, काठ पाण्याला टेकतो आणि पाणी आत येतं. आत आलेलं पाणी जागच्या जागी थांबत नाही, ते कललेल्या बाजूलाच धावतं आणि होडी आणखी कलते. तिथून पुढे सावरायला क्षणभराचाच अवधी मिळतो. लाकडी होडी भरली तरी निदान तरंगत राहते आणि बुडणाऱ्याला धरायला काहीतरी उरतं. पत्र्याच्या होडीत हवाबंद कप्पे नसतील तर ती तळाला जाते. केरळमध्ये पेरियारच्या जंगलातल्या तेक्कडी जलाशयात ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ नावाची बोट उलटून ४५ जण गेले. जनावरं बघायला प्रवासी एका बाजूला सरकल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, बोटीची रचना आणि गर्दी यांवरही बोट ठेवलं गेलं. त्याआधी २००७ मध्ये केरळच्याच तट्टेक्काड पक्षी अभयारण्याजवळ शाळेच्या सहलीची बोट बुडून १८ जीव गेले होते. निसर्ग बघायला नेणाऱ्या बोटीचा धोका वेगळा ओळखला पाहिजे, कारण तिथे माणसं उठून उभी राहणार हे गृहीतच धरावं लागतं.

उजनीवर याला आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिली पाण्याच्या पातळीची. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे, पण त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत समजला जातो. म्हणूनच उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशा बातम्या येतात, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. पाणी उतरलं की चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडतात आणि रोहितांना नेमके तेच हवे असतात. त्याच पाण्याखाली बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांची खोडं, जुन्या विहिरी पृष्ठभागाजवळ येतात. पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात वर येतं तेव्हा ते बघायला गर्दी होते, पण इतर असंख्य बांधकामं वर न येता बोटभर पाण्याखाली दबा धरून असतात. पक्षी बघायला सर्वांत चांगले दिवस हेच होडीसाठी सर्वांत फसवे दिवस असतात. गेल्या आठवड्यातली मोकळी वाट या आठवड्यात मोकळी असेलच असं नाही, आणि हे फक्त रोज पाण्यात असणाऱ्याला ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट वळवाची. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरकडे दुपारनंतर ढग चढतात आणि पावसाच्या आधी वारा येतो. ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून सगळीकडे पसरते. गावात तिला झाडं, घरं अडवतात, जलाशयावर अडवायला काहीच नसतं. मोकळं पाणी जितकं लांब तितक्या लाटा मोठ्या. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहत काठाला लागला, दोन लहान मुलांसह सहा जण गेले. २०१७ च्या एप्रिलअखेरीस याच जलाशयात सहलीला आलेले चार डॉक्टर बुडाले होते. एका होडीत हौसेने आलेले लोक होते, दुसरीत रोजच्या वाटेने घरी निघालेले. पाण्याने दोघांत फरक केला नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं की इथले लोक पाण्यातच वाढले आहेत, त्यांना कोण शिकवणार. हे खरं आहे आणि माझा मुद्दा त्याच खरेपणावर उभा आहे. वारा कुठून उठणार, कुठली खाडी सुरक्षित, कुठे जाळी पसरली आहेत आणि पंखा अडकेल, हे ज्ञान कुठल्याही प्रशिक्षणवर्गात मिळणार नाही. पण नावाड्याचं पोहणं पाहुण्याच्या कामी येत नाही. सहा जण एकदम पाण्यात पडले तर उत्तम पोहणाराही एखाद-दुसऱ्यालाच आधार देऊ शकतो. शिवाय त्याचं ज्ञान उपयोगी पडायचं तर त्याला पाहुण्यांसमोर ‘आज नको’ म्हणता आलं पाहिजे. पुण्याहून गाडी करून आलेले लोक, हातात नोटा, शेजारचा होडीवाला न्यायला तयार, अशा वेळी नकार देणारा त्या दिवसाची कमाई घालवतो. तेव्हा धोका त्याच्या अज्ञानातून कमी आणि भाड्याच्या रीतीतून जास्त येतो.

बुडण्यापासून वाचवणाऱ्या जॅकेटबद्दलही असंच. उकडतं, फोटोत वाईट दिसतं, आम्हाला पोहता येतं, अशी कारणं पाहुणे देतात आणि जॅकेट फळीखाली राहतं. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. बहुतेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. होडी उलटल्यावर फळीखालचं जॅकेट शोधून घालायला कुणालाही वेळ मिळत नाही, म्हणून काठावरच पट्टे आवळल्याशिवाय होडी सुटू नये.

नियम आले की गरिबाचा धंदा बसतो, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ मध्ये झाला. यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी त्यात सांगितली आहे. कागदाचं ओझं मात्र दोन होड्यांच्या मालकावर पडलं तर तो एक तर धंदा सोडेल किंवा चोरून चालवेल. म्हणून नियमाची सुरुवात त्याच्या कमाईच्या बाजूने व्हावी. गावच्या मच्छीमार संस्थेने सर्व होड्यांचं भाडं एकच ठरवावं, ते काठावर आगाऊ घ्यावं, वारा उठला म्हणून अर्ध्यातून परतलं तरी ते परत मागता येऊ नये, आणि एकाने नकार दिलेल्या पाहुण्यांना दुसऱ्याने घेऊ नये. थव्यापासून किती अंतरावर थांबायचं हेही संस्थेनेच ठरवलं तर ‘जवळ घ्या’ म्हणणाऱ्याला नावाडी एकटा तोंड देत राहणार नाही. होडी दुरूनच थांबली, सगळे बसून राहिले, तर थवा चरत राहतो आणि होडीही स्थिर राहते.

कुगावसारख्या गावाला मात्र हे सगळं पुरत नाही. सहलीचा पाहुणा पुढच्या रविवारी येऊ शकतो. पलीकडच्या तीरावर दवाखाना, बाजार, नातेवाईक असणाऱ्याला नकार देणं म्हणजे त्याला जलाशयाचा मोठा वळसा घालायला लावणं. तिथे नावाडी मे महिन्याच्या संध्याकाळीही होडी सोडतो, कारण पलीकडे जाणाऱ्याची निकड त्याला दिसत असते. कळाशीच्या दुर्घटनेनंतर शिरसोडी-कुगाव पुलाची चर्चा जोरात झाली. तो पूल वाहतुकीला खुला होईपर्यंत दोन्ही तीरांवर वाऱ्याचा इशारा देणारा माणूस, होडी बंद असेल त्या वेळी एसटीची फेरी आणि प्रत्येक आसनामागे लहान मुलांच्या मापाचंही जॅकेट, एवढी सोय जिल्हा प्रशासनाने वळवाच्या दोन महिन्यांपुरती तरी करायला हवी.