मोज्यातली सुरी

ताईचा फोन एरवी रात्रीची जेवणं आटोपल्यावर येतो. त्या दिवशी भर दुपारी आला. तिचा मुलगा ग्लासगोला शिकतो. तिथल्या एका स्कॉटिश मित्राचं लग्न ठरलं होतं आणि नवऱ्या मुलानं आपल्या सगळ्या दोस्तांना किल्ट घालून यायला सांगितलं होतं. एवढ्यावर ताईची हरकत नव्हती. "घागरा तर घागरा, घालू दे की. पण मोज्यात सुरी खोचायची म्हणतोय गं! आणि तसाच बसनं जाणार म्हणे. पोलिसांनी धरलं तर? शिकायला गेलेलं पोर, व्हिसाचं काय होणार?"

मी हसण्यावारी न्यायला गेले, पण जमेना. परका देश, सावळ्या रंगाचा तरुण मुलगा आणि पायाशी सुरी. ताईची काळजी अगदीच खुळी म्हणता येत नव्हती. मग वाचायला बसले, भाच्याशीही दोन-तीनदा बोलले.

या सुरीचं नाव 'स्कीअन दू'. हे गेलिक भाषेतले शब्द आहेत. स्कीअन म्हणजे सुरी आणि दू म्हणजे काळी. पातं साधारण तीन-साडेतीन इंचांचं, एकाच बाजूला धार. मूठ काळ्या लाकडाची किंवा सांबरशिंगाची, महागातल्या सुरीला मुठीच्या टोकावर एखादा पिवळसर खडा. चामड्याच्या म्यानासकट ती उजव्या पोटरीच्या बाहेरच्या अंगाला, गुडघ्यापर्यंतच्या लोकरी मोज्यात खोचतात. डावखुरा माणूस डावीकडे खोचतो. मोज्याच्या काठावर मुठीचा वरचा भागच तेवढा दिसला पाहिजे, सबंध मूठ बाहेर आली की जाणकार नाक मुरडतात.

काळी का? कुणी म्हणतं मूठ काळी म्हणून. कुणी म्हणतं, काळी म्हणजे लपवलेली. आपणही काळा बाजार म्हणतो तेव्हा रंगाबद्दल बोलत नसतो. जुन्या काळी डोंगराळ मुलखातली माणसं अशी छोटी सुरी काखेत, अंगरख्याच्या आत बाळगत. पाहुणा म्हणून कुणाच्या घरी गेलं की ती लपलेली सुरी बाहेर काढून यजमानाला दिसेल अशी मोज्यात खोचायची, म्हणजे 'माझ्यापाशी आहे ते हे एवढंच, पोटात काही नाही' असं न बोलता सांगून व्हायचं. ही गोष्ट स्कॉटिश लोक मोठ्या आवडीनं सांगतात. मोज्यातली सुरी मात्र फार प्राचीन नव्हे, ती रुळली अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला. हेन्री रेबर्न या चित्रकारानं ग्लेनगॅरीच्या मॅक्डॉनेल सरदाराचं उभं चित्र काढलं आहे. ते एडिंबराच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे. त्यात सरदाराच्या उजव्या मोज्यात एकीशेजारी एक अशा दोन मुठी दिसतात. हौसेला मोल नाही!

पण खरी गंमत पुढेच आहे. हाच पोशाख एकेकाळी गुन्हा होता. 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर हायलंडच्या बंडखोर फौजेचा पाडाव झाला. हत्यारबंदीचे कायदे त्याआधीपासून होतेच. आता सरकारनं त्यांना आणखी दात लावले आणि वर कपड्यांवरही बंदी घातली. 1 ऑगस्ट 1747 पासून स्कॉटलंडमध्ये किल्ट किंवा चौकड्यांचं टार्टन अंगावर दिसलं तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडलं तर सात वर्षं समुद्रापार काळं पाणी. सूट फक्त राजाच्या पलटणीतल्या सैनिकांना. म्हणजे हायलंडच्या माणसाला आपल्या बापाचे कपडे घालायचे असतील तर त्यानं इंग्रजांच्या फौजेत भरती व्हायचं! पुढे त्याच पलटणी किल्ट आणि बॅगपाइप घेऊन जगभर गेल्या, हिंदुस्थानातही आल्या. आपल्या सैन्यातल्या पाइप बँडचा उगम तिथलाच.

पोशाखावरची बंदी 1782 मध्ये उठली. मग चाळीस वर्षांनी, ऑगस्ट 1822 मध्ये, राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत गादीवरचा राजा स्कॉटलंडला आला नव्हता. स्वागताचा सगळा थाट कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी मांडला, आणि ज्या घराण्यानं टार्टन तुरुंगात घातलं त्याच घराण्याचा राजा टार्टनचा किल्ट घालून, हत्यारं लटकावून दरबारात उभा राहिला. थंडीसाठी म्हणा की लाजेपोटी, आत त्यानं गुलाबी तंग विजार घातली होती. त्याची पुष्कळ टवाळी झाली. पण त्या भेटीनंतर डोंगरातला पोशाख साऱ्या स्कॉटलंडचा झाला आणि मोज्यातली सुरी त्याचा भाग बनून राहिली.

आता ताईच्या प्रश्नाकडे. स्कॉटलंडमध्ये 1995 च्या फौजदारी कायद्याचं 49 वं कलम सांगतं की सार्वजनिक जागी पातं किंवा टोक असलेली वस्तू जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. तीन इंचांपर्यंत पात्याचा, मिटणारा खिशातला चाकू तेवढा त्यातून वगळला आहे. मोज्यातली सुरी मिटत नाही, म्हणजे ती कलमात सापडली. पण त्याच कलमात पुढे बचावही दिले आहेत: वस्तू कामासाठी जवळ होती, धर्मासाठी होती, किंवा 'कुठल्याही राष्ट्रीय पोशाखाचा भाग' म्हणून होती. इंग्लंड आणि वेल्ससाठीच्या 1988 च्या कायद्यातही असाच बचाव आहे.

वाचताना मी 'कुठल्याही' या शब्दापाशी थांबले. कायद्यानं स्कॉटिश पोशाख म्हटलेलं नाही. जन्म कुठला, चामडी कुठली, हेही विचारलेलं नाही. माझ्या भाच्यानं किल्ट, लोकरी मोजे, कंबरेची चामडी पिशवी असा सगळा साज रीतसर घातला, तर त्याच्या मोज्यातली सुरी त्याच्या मित्राच्या सुरीइतकीच पोशाखाचा भाग. बचाव मात्र आपोआप मिळत नाही, ती पोशाखातली सुरी होती हे दाखवून देणं बाळगणाऱ्याचं काम. इथंच गाडी अडते. लग्न आटोपलं, हॉटेलात कपडे बदलले, किल्ट बॅगेत गेला आणि सुरी जीनच्या खिशात राहिली, तर पोशाख कुठे उरला? सुरी तीच, माणूस तोच, पण आता कारण दुसरं काहीतरी द्यावं लागणार. मोज्यात दिसते तोवर दागिना, खिशात लपली की हत्यार. जुन्या पाहुण्याच्या गोष्टीतला नियम कायद्याला नकळत सापडला म्हणायचा.

हे सगळं ग्लासगोत घडतं म्हणून त्याला जास्त धार आहे. या शहरानं चाकूंपायी पुष्कळ तरुण मुलं गमावली. 2005 मध्ये तिथल्या पोलिसांनी हिंसा रोखण्यासाठी खास विभाग काढला आणि चाकूबाजीकडे साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली. नुसती धरपकड नाही, शाळा, दवाखाने, घरं, नोकऱ्या अशा सगळ्या बाजूंनी. पुढच्या दोन दशकांत स्कॉटलंडमधल्या खुनांचा वर्षाचा आकडा निम्म्याहून खाली आला. ज्या आईनं असं पोर गमावलं, तिच्यासमोर परंपरा परंपरा म्हणून सुरी मिरवायची, हे मलाही जड जातं. तिथल्यांनाही जात असावं. कारण कायद्यानं सूट दिलेली असूनही अनेक शाळा निरोपसमारंभाला खरी सुरी आणू देत नाहीत, आणि भाड्यानं मिळणाऱ्या पोशाखाबरोबर पुष्कळदा नुसती मूठच येते, खाली प्लॅस्टिकचा ठोकळा. अठरा वर्षांखालच्या मुलांना ही सुरी विकतच मिळत नाही. विमानात ती केबिनच्या बॅगेत चालत नाही, खाली सामानात टाकावी लागते.

नुसती मूठच खोचायची तर खोचायची कशाला, असं विचारणारे आहेतच. पण आपण तरी काय करतो? मराठा घरातल्या लग्नात नवरदेवाच्या हाती कट्यार देतात आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. नजर लागू नये म्हणून असेल, पण त्या लिंबानं टोकही झाकलं जातं. खंडेनवमीला म्हणा की आयुधपूजेला म्हणा, आपण विळी-कोयत्यालाही हळदकुंकू लावतो. आणि आपल्या कर्नाटकातला कोडगू तर या बाबतीत स्कॉटलंडचा सख्खा भाऊ शोभेल. काळा कुप्या, कंबरेला लाल रेशमी चेले आणि त्यात पुढे खोचलेली चांदीच्या मुठीची पीचेकत्ती. कत्ती हा शब्द तुमच्या-माझ्या दोन्ही भाषांतला. तिथल्या लग्नात मोठ्या ओडिकत्तीनं केळीचे खांब तोडतात, आणि त्याला मान असतो. कोडव समाजाला बंदुकीच्या परवान्यातूनही इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. केंद्र सरकारनं 2019 मध्ये ती आणखी दहा वर्षं वाढवली. एका जमातीलाच ही मोकळीक का, असा सवाल कर्नाटक उच्च न्यायालयात गेला तेव्हा 2021 मध्ये न्यायालयानं सूट उचलून धरली. सवाल मात्र गैर होता असं मला वाटत नाही. शिखांच्या किरपाणाची गोष्ट वेगळी. तिचा उल्लेख आपल्या घटनेच्या 25 व्या कलमाखालीच आहे, कारण ती धर्माची आज्ञा आहे. किरपाण काढून ठेवा म्हणणं आणि मोज्यातली सुरी आज घरी ठेवा म्हणणं, ही दोन्ही एकाच मापानं मोजता यायची नाहीत.

मी भाच्याला सांगितलं, "प्लॅस्टिकची घे, तुझ्या आईला झोप लागू दे." तोही तयार होता. पण लग्नाच्या दिवशी सकाळी सगळे नवऱ्या मुलाच्या घरी जमले, तेव्हा मित्राच्या वडिलांनी त्याच्या मोज्यातली भाड्याची मूठ बघितली आणि काही न बोलता आत गेले. येताना आपल्या कपाटातली एक खरी सुरी घेऊन आले. खाली वाकून त्यांनीच ती त्याच्या मोज्यात नीट बसवली. हे ऐकल्यावर माझं तोंड बंद झालं. यजमानानं हातानं दिलेली वस्तू नको कशी म्हणणार?

चर्चमध्ये ती होती, जेवणाच्या हॉलमध्ये होती. तिचा उपयोग काय झाला विचारलं तर म्हणाला, चीज कापायला. रात्री अकराला, बस गाठायच्या आधी, त्यानं ती म्यानासकट काढून काकांच्या हातात दिली. ते म्हणाले, राहू दे, उद्या दे. हा म्हणाला, मला बसनं जायचंय. काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, मान हलवली आणि ती आपल्या उजव्या मोज्यात, स्वतःच्या सुरीशेजारी खोचून टाकली. अगदी त्या चित्रातल्या सरदारासारखी!

ताईला फोटो आला तो बसस्टॉपवरचा. तिनं मोठा करून बराच वेळ बघितला. मग मला फोन. "सुरी कुठं दिसत नाही ती. मोजा तेवढा खाली घसरलाय बघ."