नुसतं ओके ओके!

जावाच्या लॅबला स्विंग सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात जेऑप्शनपेन सगळ्यांचा लाडका होतो. एक ओळ लिहिली की टिंग करून छोटी खिडकी उघडते, आणि प्रोग्रॅम केल्यासारखा वाटतो! मग काय, मिनी प्रोजेक्टमध्ये जिथे तिथे डायलॉग.

डायलॉगच्या जाती दोन. मोडल म्हणजे उत्तर दिल्याशिवाय मागच्या विंडोला हात लावू न देणारा. मोडलेस म्हणजे फाइंड-रिप्लेससारखा बाजूला उघडा राहून आपल्याला काम करू देणारा. मोडल डायलॉग उघडला की आपला कोड त्याच ओळीवर थांबतो. तरी पडदा गोठत नाही, कारण स्विंग आतल्या आत इव्हेंटची रांग उपसत राहतं. (व्हायव्हाला विचारतात, लक्षात ठेवा.)

म्हणजे मोडल डायलॉग हा माणसाची वाट अडवतो. उगाच अडवलं की काय होतं ते मी आमच्या मेसच्या हिशेबात पाहिलं. कुणा जुन्या बॅचच्या मुलाने केलेला प्रोग्रॅम. प्रत्येक एन्ट्रीनंतर 'नोंद झाली, ओके'. दीडशे जणांची हजेरी म्हणजे दीडशे ओके. मेस सेक्रेटरी चार दिवसांत न वाचताच एंटर मारायला शिकला. महिनाअखेरीला 'सर्व नोंदी पुसायच्या?' हा प्रश्न त्याच एंटरखाली गेला आणि बिलं कच्च्या वहीवरून पुन्हा काढावी लागली. मी तरी सेक्रेटरीला दोष देणार नाही.

'नोंद झाली' हे खालच्या पट्टीत एका लेबलवर दाखवलं तरी पुरतं. पुसण्यासारख्या कामाला मात्र शोऑप्शनडायलॉग वापरा. त्यात बटणांवर 'हो/नाही' ऐवजी 'पुसा' आणि 'राहू द्या' लिहिता येतं, आणि एंटर कोणत्या बटणावर पडेल तेही ठरवता येतं. ते 'राहू द्या' ठेवा. साध्या शोकन्फर्मडायलॉगमध्ये एंटर 'हो'वर पडतो.

आणखी एक फसवी जागा म्हणजे कोपऱ्यातली फुली. शोकन्फर्मडायलॉग 'हो'ला 0, 'नाही'ला 1, 'कॅन्सल'ला 2 परत देतो, आणि फुली मारली तर उणे 1. कोडमध्ये 'उत्तर 1 नसेल तर पुसा' असं लिहिलं असेल, तर घाबरून फुली मारणाऱ्याचाही डेटा जातो! तपासायचं ते 'हो' आलं का एवढंच.

पहिल्या आर्ग्युमेंटला सगळे नल देतात. तिथे आपली मुख्य विंडो द्या. नाहीतर डायलॉग कधी तिच्या मागे दडतो, विंडो क्लिक घेत नाही, आणि बाहेरून बघणारा म्हणतो पीसी हँग झाला.

खरं तर पुसलेलं परत आणता आलं तर विचारायचीही गरज नाही. टेबलात 'रद्द' नावाचा एक कॉलम वाढवा. पुसा म्हटलं की तिथे फक्त खूण करायची, ओळ तशीच ठेवायची.